सातबाऱ्याबाहेरचा सहकार

सरकार सहकारावर बोलायला लागलं की फार गोड बोलतं. ६ जुलै २०२१ ला दिल्लीत सहकाराचं स्वतंत्र मंत्रालय निघालं. २०२५ हे साल संयुक्त राष्ट्रसंघानं आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून जाहीर केलं. त्याच सालात २४ जुलैला नवं राष्ट्रीय सहकार धोरण आलं. आधीचं धोरण २००२ चं. तेवीस वर्षांनी पुन्हा आठवण झाली. दोन लाख नव्या सोसायट्या काढू, जुन्या त्रेसष्ट हजार सोसायट्यांत संगणक बसवू, गोदामं बांधू. सहकारातून समृद्धी आणू.

समृद्धी आम्हाला ठाऊक आहे. त्या नावाचा महामार्ग आमच्या केळझरच्या जवळून, सेलू तालुक्यातून गेला. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी उघडला. त्याच्यावर पायी चालायला मनाई, बैलगाडीला मनाई, मोटारसायकललाही मनाई. समृद्धी आमच्या डोळ्यांदेखत जाते आणि आम्ही कडेला उभे असतो.

सहकाराचंही तेच झालं आहे. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करणारा कामगार. शाळा दहावीला सुटली. पुढचं जे वाचलं ते पाळी सुटल्यावर, वस्तीतल्या विहारातल्या कपाटातून. तेव्हा विद्वानांच्या भाषेत मला मांडता येणार नाही. पण एक साधा प्रश्न विचारता येतो, आणि तो धोरणाच्या कागदात मला कुठं सरळ विचारलेला दिसत नाही. सहकाराचा सभासद कोण?

हा प्रश्न विचारायला मला एका जुन्या गोष्टीनं शिकवलं. इंग्लंडात रॉचडेल नावाचं गिरण्यांचं गाव. १८४४ साली तिथल्या अठ्ठावीस माणसांनी, त्यात बरेच विणकर, अठ्ठावीस पौंड जमा करून एक दुकान टाकलं. पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या. दुकानदार पिठात भेसळ करी, उधारीत नागवी, म्हणून आपलं आपण. जगभर आज ज्याला सहकार म्हणतात त्याची तत्त्वं तिथली. एका माणसाला एक मत, मग त्याचा भाग कितीही असो. नफा खरेदीच्या प्रमाणात परत. दार सगळ्यांना उघडं. लक्षात घ्या दोस्तहो, तिथं कोणी जमीनदार नव्हता, आमदार नव्हता. जमिनीचा उतारा कोणी मागितला नाही. गिरणी कामगारांनी काढलेली वस्तू आहे ही.

आणि आमचे विणकर? नागपूर-वर्ध्याकडे महार माणूस जाडंभरडं कापड विणायचा. तो आमचा धंदा होता. गिरण्या आल्या, कापड स्वस्त झालं, माग बसले. तोच माणूस मग गिरणीच्या दारात गेला. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल निघाली, पुढं हजारोंच्या पोटाला लागली. तिकडं मुंबईच्या गिरण्यांत मात्र अस्पृश्याला विणाई खात्यात घेत नव्हते. कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आमच्या थुंकीनं सवर्ण कामगार बाटत होता. पगार विणाईत जास्त, आणि विणाईला आम्ही वर्ज्य. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. म्हणजे ज्या काळात रॉचडेलच्या विणकराचं दुकान जगभर पोचलं होतं, त्या काळात आमचा विणकर स्वतःच्याच धंद्याच्या खात्याबाहेर उभा होता. हिंदुस्थानात सहकाराचा पहिला कायदा १९०४ साली आला, तो विणकराच्या दारातून आला नाही. तो कर्जाच्या दारातून आला. आणि कर्ज जमिनीला मिळतं, माणसाला मिळत नाही.

इथंच सगळी गोम आहे.

गावातली सोसायटी म्हणजे विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था. महाराष्ट्रात अशा वीस हजारांवर. तिचं मुख्य काम पीककर्ज. पीककर्ज एकरावर ठरतं. कापसाला एकरी इतकं, सोयाबीनला इतकं. म्हणून सभासद तो, ज्याच्या नावाचा सातबारा. कायद्याच्या पुस्तकात असं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० म्हणतो, पुरेसं कारण असल्याशिवाय कोणाला सभासदत्व नाकारू नये. पण संस्थेचे उपविधी म्हणतात, शेतजमीन धारण करणारा. कायद्यानं उघडलेलं दार उपविधीनं लोटून घेतलं.

माझ्या आत्याचं सासर दुसऱ्या गावात. गावाचं नाव नाही सांगत. आत्या चाळीस वर्षं दुसऱ्याच्या वावरात निंदण करते, कापूस वेचते. ती एकदा सोसायटीत गेली.

"म्या म्हटलं, भाऊ, शंभर रुपये घ्या न माहं नाव लिवा. मले शेळ्या घ्याच्या हायेत."

"सातबारा आन, बाई."

"सातबारा असता त शेळ्या कायले घेतल्या असत्या?"

तिनं हे हसत सांगितलं. आम्हीही हसलो. पण शेळ्यांसाठी पैसा तिनं शेवटी मायक्रोफायनान्सच्या गटातून उचलला. वर्षाला चोवीस टक्के. दर हप्त्याला घरासमोर पोरगा बसतो वही घेऊन. एका बाईचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊ जणींनी भरायचा. त्यालाही बँकवाले सामूहिक जबाबदारी म्हणतात. पहा म्हणजे, एकमेकांचं ओझं उचलण्याचा सहकार आमच्या बायांकडून सक्तीनं करून घेतात. फायद्याचा सहकार तेवढा सातबाऱ्याला.

मग कर्जमाफी येते. २००८ ला आली, २०१७ ला आली, २०१९ ला आली. शेतकरी मरतो आहे, त्याला माफी मिळाली पाहिजे, याबद्दल माझा वाद नाही. आमचा वर्धा जिल्हा आत्महत्यांचा जिल्हा म्हणून पेपरात येतो, त्या तिरड्या आम्हीही उचलल्या आहेत. पण २०१९ च्या योजनेला नाव दिलं महात्मा जोतीराव फुल्यांचं. जोतीबांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, शूद्रातिशूद्रांसाठी जन्म घालवला. नाव जोतीबांचं आणि माफी फक्त उताऱ्याची. आत्याच्या चोवीस टक्क्यांना त्या यादीत रकाना नाही.

कोणी म्हणेल, एका कर्जापुरती गोष्ट आहे, एवढं काय? तर ही एका कर्जाची गोष्ट नाही. सोसायटी ही शिडीची पहिली पायरी आहे. सोसायटीच्या ठरावावर जिल्हा बँकेचा मतदार ठरतो. जिल्हा बँकेतून माणूस राज्य बँकेत जातो. सोसायटीचे संचालक बाजार समितीला मतं देतात. बाजार समितीतून जिल्हा परिषद, तिथून विधानसभा. निम्म्या महाराष्ट्राचं राजकारण या शिडीवर चढलं. ज्याला पहिल्या पायरीवर पाय ठेवू दिला नाही, त्याला वरच्या मजल्यावरच्या चर्चेत कोण विचारणार? म्हणून सरकारात सहकारावर चर्चा होते तेव्हा शेतकरी, कारखानदार, बँकवाले, अधिकारी बोलतात. कापूस वेचणाऱ्या बाईला विचारायला कोणी आलं नाही. निदान आमच्या वस्तीत तरी नाही.

आमच्या केळझरला पुराणवाले एकचक्रानगरी म्हणतात. भीमानं बकासुर मारला तो इथंच, असं टेकडीवरच्या गणपतीला येणारे लोक सांगतात. पुराणं आम्ही १९५६ ला नागपुरात सोडून आलो. पण गोष्ट मला आवडते. गावातल्या प्रत्येक घरानं पाळीपाळीनं गाडाभर अन्न आणि एक माणूस बकासुराकडं पाठवायचा. वर्गणी सगळ्यांची, नियम सगळ्यांना सारखा, खाणारा एकच. हाही एक सहकारच म्हणायचा.

आता असं नाही की दुसरा रस्ता कोणी सुचवला नव्हता. १९४७ साली बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिलं. त्यात शेती हा राज्याचा उद्योग करा, जमीन राज्याच्या मालकीची ठेवा, गावातल्या कुटुंबांच्या गटांना जातपात न पाहता कसायला द्या, कसणं सामुदायिक असू द्या, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही प्रकारच राहणार नाहीत, अशी मांडणी आहे. त्यांना हे संविधानातच पाहिजे होतं. ते झालं नाही.

१९५४ साली रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या गोरवाला समितीचा अहवाल आला. १९५१-५२ च्या पाहणीत दिसलं की शेतकऱ्यानं घेतलेल्या शंभर रुपये कर्जात सहकारी संस्थांचे जेमतेम तीन रुपये. बाकी मुख्यतः सावकाराचे. समितीनं उपाय सांगितला, सरकारनं संस्थांमध्ये भागीदार व्हावं. सरकार झालं. तेव्हापासून सहकार हा लोकांचा कमी आणि सरकारचा जास्त.

मग १९५९. बाबासाहेबांनी ज्या नागपुरात दीक्षा दिली त्याच नागपुरात, तिसऱ्या वर्षी जानेवारीत, काँग्रेसचं अधिवेशन भरलं. केळझरहून पन्नासेक किलोमीटर. तिथं ठराव झाला सहकारी संयुक्त शेतीचा. जमिनी एकत्र कसायच्या. मालकी ज्याची त्याची राहील, त्याला जमिनीच्या प्रमाणात वाटा. आणि जो राबतो त्याला, जमीन असो की नसो, श्रमाच्या प्रमाणात वाटा. हे शेवटचं वाक्य मी विहारात बसून तीनदा वाचलं. जमीन असो की नसो! सरकार चालवणाऱ्या पक्षानं एकदा तरी हे कागदावर मान्य केलं होतं की श्रम हाही भाग असतो. शेअर म्हणजे फक्त पैसा नाही, फक्त एकर नाही.

पण देशभर ओरड झाली. चरणसिंग यांनी पक्षातूनच विरोध केला. राजाजींनी त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष काढला. जमीन जाणार अशी हाकाटी झाली. ठरावातलं संयुक्त शेतीचं अंग वाळून गेलं आणि कर्ज देणाऱ्या सेवा सोसायट्या तेवढ्या उरल्या. म्हणजे जे आमच्या कामाचं होतं ते पडलं, जे सातबाऱ्याच्या कामाचं होतं ते राहिलं. त्याच साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, १९६४ ला पुन्हा केला. आमची माणसं पडीक जमिनीसाठी तुरुंगात गेली. हे दोन इतिहास एकाच सालात सुरू होतात, पण शाळेच्या पुस्तकात शेजारी छापत नाहीत.

पश्चिम महाराष्ट्रात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला. मोठं काम होतं, मी ते नाकारत नाही. खासगी साखरवाल्याच्या तोंडातून उसाचा भाव त्यांनी ओढून काढला. पण तिथंही सभासद तो, ज्याच्या शेतात ऊस. कोयता घेऊन जो तोडतो तो सभासद नाही. आमच्याकडं कापूस. १९७२ ला कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, व्यापारी बाजूला, सरकार सहकारी पणन संघामार्फत घेणार. तीस वर्षं चालली. भाव, बोनस, चुकारे, सगळ्यावर विधानसभा गाजली. वेचणीचा दर किलोमागं किती द्यावा यावर कधी गाजली असेल तर मला दाखवा.

इथं कोणी कुणबी, तेली मित्र रागावेल. माझ्यासोबत गिरणीत एक जण आहे, घरी तीन एकर कोरडवाहू. तो म्हणतो, "लेका, सोसायटी का आमची हाय? मोठ्याइचीच हाय. आमाले कर्ज मार्च उलटल्यावर भेटते." खरं आहे त्याचं. २०१२ साली रिझर्व्ह बँकेनं ज्या जिल्हा सहकारी बँकांना परवाना नाकारला त्यांत नागपूर, वर्धा, बुलडाणा होत्या. गरिबांच्या ठेवी अडकल्या, आणि मग २०१४ ला केंद्र, राज्य आणि नाबार्ड यांनी पैसा ओतायचं ठरवलं. बुडवणारे कोण होते? तीन एकरवाले नव्हते. म्हणून मी म्हणतो, आपलं भांडण त्याच्याशी नाही. शिडीवर बसलेल्यांशी आहे. पण त्याच्या पायाखाली एक पायरी तरी आहे. आमच्या पायाखाली तीही नाही.

सरकार म्हणेल, तुमच्यासाठी राखीव जागा ठेवली आहे. आहे खरी. संचालक मंडळावर अनुसूचित जाती-जमातीची मिळून एक जागा. पण त्या जागेला मतं कोण देतो? सगळे सभासद. म्हणजे सातबारावाले. ते आपल्या पसंतीचा, खाली मान घालणारा दलित निवडतात. पुणे कराराचीच ही धाकटी बहीण.

सरकार म्हणेल, तुमच्यासाठी वेगळी योजना काढली. तीही आहे. मागासवर्गीयांच्या सहकारी औद्योगिक संस्थांची, २००४ पासूनची. शंभर रुपयांच्या प्रकल्पात सभासदांचे पाच, सरकारचं भागभांडवल पस्तीस, सरकारचं कर्ज पस्तीस, बँकेचं पंचवीस. ऐकायला सोनं. माझा एक मामा अशा एका संस्थेचा सभासद होता. नाव सांगत नाही, संस्थेचंही आणि जिल्ह्याचंही. मामाला एवढंच आठवतं की एका लग्नात त्याचा अंगठा घेतला आणि पाच रुपयांतला त्याचा वाटा दुसऱ्याच कोणी भरला. शेड उभं राहिलं. यंत्र काही आलं नाही. पुढं पत्रे गेले, मग अँगल गेले. मामाला कधी सभेची नोटीस आली नाही. पंचाण्णव रुपये बाहेरचे आणि पाच रुपयेही आपले नाहीत, तिथं मालक कोण असणार? अंगठा आमचा, सही दुसऱ्याची.

मजूर सहकारी संस्थांची गोष्ट आणखी निराळी. सरकारी बांधकामातला काही वाटा त्यांच्यासाठी राखून ठेवायची पद्धत आहे. चांगली पद्धत आहे. पण मजूर कोण? २०२२ च्या जानेवारीत मुंबईच्या एका जिल्हा सहकारी बँकेच्या बाबतीत सहकार खात्याला निकाल द्यावा लागला की मजूर गटातून निवडून येणारा अमुक माणूस मजूर नाही. तो माणूस तेव्हा विधान परिषदेतला विरोधी पक्षनेता होता. आम्ही सातबारा नाही म्हणून शेतकऱ्याच्या संस्थेत नाही, आणि मजुराच्या संस्थेत मजुराच्या नावावर दुसरेच बसलेले.

तर मग सहकार सोडून द्यायचा का? आमच्या वस्तीत सध्या याच्यावरच वाद चालू आहे. वेचणी-निंदणीला जाणाऱ्या बायांनी आणि काही पोरांनी मजूर संस्था काढायचं मनावर घेतलं आहे. कायद्यानं दहा माणसं लागतात, दहा वेगवेगळ्या घरची. सभा झाली. मी म्हणालो, आधी सरकारचं भागभांडवल नको. आपले शंभर-शंभर रुपये, हप्त्यानं का होईना, पण आपले.

मोठेबा उसळले. "सरकारचा पैसा का सरकारच्या बापाचा हाय? साखरवाल्याइनं घेतला, सूतवाल्याइनं घेतला. आपली पाळी आली त तू म्हणतं नोको घेऊ!"

त्यांचं चूक नाही. दुसऱ्यांनी पन्नास वर्षं सरकारी भांडवलावर राज्य केलं आणि आम्हाला मात्र स्वावलंबनाचा उपदेश, हा जुनाच डाव आहे. बाबासाहेब राज्याकडं पाठ फिरवा असं कधी म्हणाले नाहीत. राज्यानं जमीन हाती घ्यावी इथपर्यंत ते गेले. मी मोठेबांना म्हटलं, घेऊ, पण दोन वर्षांनी. आधी हिशोबाची वही आपल्याला वाचता आली पाहिजे. पैसा आधी आला आणि वही मागून आली की मामासारखं होतं.

मग एक बाई बोलली. इतका वेळ ती दाराशी बसून ऐकत होती. "मले एकच सांगा. वेचणीचा भाव कोण ठरवन? आमी का सेक्रेटरी?"

सगळं सहकार धोरण या एका प्रश्नात मावतं. धोरणाच्या कागदात संगणक आहे, गोदाम आहे, निर्यात आहे. भाव कोण ठरवणार हे नाही. आम्ही त्या रात्री ठरवलं ते असं. जो स्वतः राबत नाही त्याला सभासद करायचं नाही, मग तो आपल्या जातीचा का असेना. दर पौर्णिमेला विहारात वही मोठ्यानं वाचायची. सेक्रेटरी दोन वर्षांवर नको. आणि वेचणीचा दर सभेत, हात वर करून.

सरकारकडं आमचं मागणं एकच आहे. गावच्या सोसायटीच्या उपविधीत जिथं शेतजमीन धारण करणारा असं लिहिलं आहे तिथं, किंवा शेतात राबणारा, एवढे शब्द घाला. १९५९ च्या नागपुरात हे तुम्हीच कबूल केलं होतं. सातबाऱ्यासारखा श्रमाचाही उतारा धरा. मग आत्याला शेळ्यांसाठी चोवीस टक्क्यांच्या वहीखाली बसावं लागणार नाही. राखीव खुर्चीही नको मग. मतं असली की खुर्ची आमची आम्ही मिळवू. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीनं सहकारी संस्था काढणं हा कलम १९ मधला मूलभूत हक्क झाला आहे. तो हक्क घरबसल्या चालून येणार नाही, हे आम्हाला चवदार तळ्यापासून माहीत आहे.

आमच्या संस्थेच्या कागदावर आजवर सात घरची सात नावं आली. पाच बाया, दोन पोरं. तीन घरं अजून विचार करताहेत. त्यांना ठेकेदारानं सांगितलं आहे की नाव टाकलं तर काम बंद. तीन नावं पाहिजेत. उद्याची दुसरी पाळी सुटली की मी पुन्हा त्या तीन घरी जाणार आहे.

जयभीम.